दोनदा उतरवलेला गिअरबॉक्स : बदल केलेल्या रोजच्या गाडीसाठी क्लच आणि फ्लायव्हीलची निवड

चौथ्या गिअरमध्ये, चढावर, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबल्यावर टॅकोमीटरचा, म्हणजे इंजिनाचे मिनिटाचे फेरे (आरपीएम) दाखवणारा, काटा बावीसशेवरून एकदम चौतीसशेवर गेला आणि वेगाचा काटा मात्र होता तिथेच राहिला, तेव्हा कंपनीच्या मूळ क्लचचे दिवस भरले आहेत हे समजायला मिस्त्रीची गरज उरली नव्हती. काही क्षणांनी केबिनमध्ये जळका वास आला. गाडी दोन लिटरची टर्बो पेट्रोल, पुढच्या चाकांवर चालणारी, सहा गिअरची मॅन्युअल आहे. कारखान्यातून निघताना इंजिनाचा टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, ३५० न्यूटन मीटर होता. नवा रीमॅप (इंजिनाच्या संगणकातली बदललेली आज्ञावली), मोठा इंटरकूलर आणि मोकळा एक्झॉस्ट बसवल्यावर तो साधारण ४५० पर्यंत पोचला. पण ही गाडी शर्यतीची नाही. ती रोज कामावर जाते, सिग्नलला थांबते, रांगेत अर्ध्या क्लचवर सरकते आणि घरातली मंडळीही ती चालवतात. पुढच्या दीड वर्षात तिच्यात मी दोन वेगवेगळे संच बसवले. त्या दोन्हींबद्दल, आणि पहिला का काढावा लागला याबद्दल, हे परीक्षण आहे.

आधी क्लच का घसरतो ते थोडे पाहू, कारण खरेदीतल्या बऱ्याच चुका इथेच होतात. क्रँकला जोडलेली जड चकती म्हणजे फ्लायव्हील; प्रेशर प्लेट तिच्यावर क्लच प्लेट दाबून धरते आणि त्या घर्षणातून इंजिनाचा जोर गिअरबॉक्सकडे जातो. क्लच किती टॉर्क पेलेल हे चार गोष्टींवर ठरते : घर्षणाचे पृष्ठभाग किती, त्यांचा घर्षणांक किती, प्रेशर प्लेट किती जोराने दाबते आणि घर्षणपट्ट्याची सरासरी त्रिज्या किती. या चौघांचा गुणाकार केला की उत्तर मिळते. २४० मिलिमीटर व्यासाच्या प्लेटची सरासरी त्रिज्या साधारण १०० मिलिमीटर धरली, ऑरगॅनिक अस्तराचा घर्षणांक ०.३ धरला, दोन बाजूंचे दोन पृष्ठभाग मोजले आणि दाब ६,५०० न्यूटन मानला, तर हिशेब ३९० न्यूटन मीटरवर येतो. ३५० च्या इंजिनासाठी ही बेगमी ठीक आहे, ४५० साठी नाही. त्यातही क्लच एकदा घसरू लागला की तापतो, तापला की घर्षणांक आणखी पडतो आणि मग तो अधिकच घसरतो. म्हणूनच सुरुवातीला महिन्यातून एकदा दिसलेली घसरण तीन आठवड्यांत रोजची झाली.

या गुणाकारातली त्रिज्या बेलहाउसिंगच्या, म्हणजे क्लच झाकणाऱ्या कवचाच्या, मापाने बांधलेली असते, त्यामुळे ती फारशी वाढवता येत नाही. राहतात तीन वाटा. जास्त चावणारे अस्तर घ्यायचे, जास्त जोराची प्रेशर प्लेट घ्यायची, किंवा दोन प्लेटांचा क्लच घेऊन पृष्ठभाग दोनाचे चार करायचे. तिसरी वाट माझ्या गरजेच्या मानाने फारच मोठी होती. पहिली वाट सर्वांत सोपी, सर्वांत जास्त जाहिरात होणारी आणि खोक्यावर सर्वांत मोठा आकडा मिरवणारी आहे. अर्थात मी तीच धरली.

पहिल्या संचात तीन वस्तू होत्या : क्रोम-मॉलिब्डेनम पोलादाचे एकाच वजनाचे (सिंगल मास, म्हणजे एकसंध) हलके फ्लायव्हील, थोडी कडक प्रेशर प्लेट आणि सहा पाकळ्यांची, मधोमध स्प्रिंगा असलेली सिरॅमिक-मेटॅलिक क्लच प्लेट. खोक्यावर ६०० न्यूटन मीटर असे ठळक छापले होते. गॅरेजमध्ये काढलेले जुने ड्युअल मास (दोन भागांचे) फ्लायव्हील वजनकाट्यावर ठेवले तर १२.४ किलो भरले, नवे ५.९ किलोचे होते. हातात घेतल्यावर तो फरक इतका सुखावतो की पुढचा विचार माणूस करतच नाही. जुन्या फ्लायव्हीलच्या पृष्ठभागावर निळसर-जांभळे डाग आणि केसासारख्या बारीक चिरा होत्या. ते बोटाने दाखवत मिस्त्री म्हणाले, "अहो, क्लच चालवत होता की जाळत होता?"

आता त्या साडेसहा किलोंच्या बचतीचा हिशेब मांडतो, कारण हलक्या फ्लायव्हीलबद्दल जे बोलले जाते त्यात अर्धे खरे आणि अर्धे हौसेचे असते. फ्लायव्हीलचे वजन गाडी हाकताना किती भार घालते हे गिअरच्या गुणोत्तराच्या वर्गावर अवलंबून असते. पहिल्या गिअरमध्ये इंजिन आणि चाक यांचे एकूण गुणोत्तर १४ धरले, चाकाची त्रिज्या ३२ सेंटिमीटर धरली आणि कमी झालेले वजन केंद्रापासून सरासरी १० सेंटिमीटरवर होते असे मानले, तर गाडीचे वजन सुमारे १२५ किलोंनी कमी झाल्यासारखा परिणाम मिळतो. म्हणजे दोन माणसे उतरल्यासारखेच. चौथ्या गिअरमध्ये, जिथे एकूण गुणोत्तर ४ च्या आसपास येते, तोच परिणाम जेमतेम १० किलोंचा उरतो. महामार्गावर ओव्हरटेक करताना हलक्या फ्लायव्हीलने गाडी पळाली असे कुणी सांगितले, तर ते कानाला आलेले सुख आहे, असे खुशाल समजावे. इंजिनाची ताकद त्याने कणभरही वाढत नाही. इंजिन लवकर फिरते आणि तितक्याच लवकर पडते.

हे लवकर पडणे रोजच्या वापरात फार जाणवते. जड फ्लायव्हील हा इंजिनाचा गल्ला असतो. सिग्नलवरून निघताना क्लच सोडला की त्या गल्ल्यातून थोडी ऊर्जा खर्च होते आणि गाडी न अडखळता हलते. गल्ला निम्मा झाला की दर वेळी नेमका अ‍ॅक्सिलरेटर द्यावा लागतो. कमी पडला तर इंजिन बंद, जास्त झाला तर धक्का. त्यात सिरॅमिक-मेटॅलिक पाकळ्यांची भर पडली. हे अस्तर पकडते किंवा पकडत नाही, मधली अवस्था त्याला फारशी ठाऊकच नसते. ऑरगॅनिक क्लचमध्ये पेडलच्या दोन-तीन सेंटिमीटरच्या प्रवासात जे हळूहळू घडते, ते इथे बोटभर अंतरात उरकते. रिव्हर्समध्ये चढावरच्या जागेत गाडी लावताना संपूर्ण गाडी थरथरायची, डॅशबोर्डवरचे सामान वाजायचे आणि मागे थांबलेला माणूस मला नवशिका समजायचा. पहिल्या आठवड्यात मी तीनदा इंजिन बंद पाडले. घरातल्यांनी दुसऱ्या दिवशीच गाडी चालवणे सोडले.

यापेक्षा जास्त त्रास आवाजाचा झाला. चार सिलिंडरच्या चार-स्ट्रोक इंजिनात क्रँकच्या प्रत्येक फेरीत दोन स्फोट होतात. आठशे आरपीएमच्या आयडलला म्हणजे सेकंदाला साधारण २७ धक्के. क्रँकचा वेग त्यामुळे प्रत्येक धक्क्याला किंचित वाढतो आणि किंचित घटतो. ड्युअल मास फ्लायव्हीलचे मुख्य काम हेच चढउतार गिअरबॉक्सपर्यंत जाऊ न देण्याचे असते. त्यात वजनाचे दोन भाग असतात आणि त्यांच्यामध्ये ग्रीसमध्ये बुडालेल्या लांब, वक्र स्प्रिंगा असतात. दुसरा भाग गिअरबॉक्सच्या बाजूला असल्यामुळे सगळ्या व्यवस्थेचा अनुनाद (ज्या वेगाला थरथर सर्वांत वाढते तो) आयडलच्याही खाली ढकलला जातो. १९८५ साली जर्मनीच्या लूक कंपनीने अशी फ्लायव्हील मोठ्या प्रमाणावर बनवायला सुरुवात केली, आणि आज कमी आरपीएमला भरपूर टॉर्क देणाऱ्या टर्बो गाड्यांमध्ये ती सर्रास आढळतात. ती काढून एकाच वजनाचे फ्लायव्हील लावले की ते सारे धक्के क्लच प्लेटच्या छोट्या स्प्रिंगांवर येतात, आणि त्यांना जे झेपत नाही ते गिअरबॉक्सला मिळते. ज्या गिअरवर त्या क्षणी भार नसतो त्यांचे दाते एकमेकांवर आपटतात. न्यूट्रलमध्ये, क्लच पेडल सोडलेले असताना, माझ्या गाडीतून डब्यात खिळे भरून हलवल्यासारखा आवाज येई. पेडल दाबले की तो लगेच बंद होई. ही खूण पक्की आहे. आवाज पेडल दाबल्यावर थांबत असेल तर तो रिकाम्या गिअरच्या दात्यांचा. पेडल दाबल्यावरच सुरू होत असेल तर संशय रिलीज बेअरिंगवर, म्हणजे क्लच सोडवणाऱ्या बेअरिंगवर, घ्यावा.

विक्रेत्याने हा आवाज निरुपद्रवी असल्याचे सांगितले होते, आणि दात तुटण्याच्या अर्थाने ते बहुतांशी खरे आहे. जाड गिअर ऑइल घालून तो थोडा दबतो, पण मग थंड गाडीत दुसरा गिअर पडताना अडतो, म्हणजे एक दुखणे देऊन दुसरे घेण्यातला प्रकार. शिवाय इंजिनाचा दिवा अधूनमधून लागू लागला. कारण तपासल्यावर मिसफायरची, म्हणजे सिलिंडरमधला स्फोट चुकल्याची, नोंद निघाली, मात्र मिसफायर कुठेच नव्हता. इंजिनाचा संगणक क्रँकच्या वेगातल्या बारीक चढउतारांवरून मिसफायर ओळखतो, आणि हलक्या फ्लायव्हीलमुळे ते चढउतार मुळातच मोठे होतात, त्यामुळे त्याची फसगत होते. रीमॅप करणाऱ्या ट्यूनरने ती मर्यादा सैल करून दिवा घालवला. मला ते फारसे रुचले नाही, कारण आता खरा मिसफायर झाला तर तो उशिरा कळणार होता.

अकरा हजार किलोमीटरनंतर क्लच सोडताना एक लहानसा टकटक आवाज येऊ लागला. गिअरबॉक्स दुसऱ्यांदा उतरवला तेव्हा प्लेटच्या मधल्या स्प्रिंगांपैकी एक आपल्या खाचेत सैल झालेली सापडली. खाचेच्या कडा घासून चमकत होत्या. अस्तर मात्र नव्यासारखे होते, अर्धेही झिजले नव्हते. ६०० न्यूटन मीटरचा दावा खोटा नव्हता, गाडी या काळात एकदाही घसरली नाही. पण त्या दाव्यात अस्तराची ताकद होती, स्प्रिंगांचे आयुष्य नव्हते. विक्रेत्याने इंजिनात बदल असल्याचे कारण पुढे करून हमी नाकारली. बदललेल्या गाडीसाठीच विकलेल्या वस्तूच्या बाबतीत हे कारण ऐकून मी काही काळ फोन हातात धरून नुसता बसलो होतो. खरेदीपूर्वी हमीच्या अटींमधला हा एक मुद्दा लेखी विचारून घ्यावा, एवढे त्यातून शिकलो.

दुसऱ्या वेळी मी खोक्यावरचा आकडा बाजूला ठेवून उलट्या टोकापासून सुरुवात केली. आधी फ्लायव्हील ठरवले, मग त्याला शोभेल असा क्लच. नवे ड्युअल मास फ्लायव्हील लूकचे, मूळ मापाचे घेतले. जुने तासून वापरता आले असते का, असे बरेच जण विचारतात. एकाच वजनाचे साधे फ्लायव्हील मर्यादेत तासता येते. ड्युअल मासच्या बाबतीत उत्पादक सहसा त्याला परवानगी देत नाहीत, आणि माझ्या जुन्यावर उष्णतेचे डाग आणि चिरा असल्यामुळे प्रश्नच नव्हता. ज्यांचे फ्लायव्हील डागविरहित आहे त्यांनी दुसरा भाग हाताने दोन्ही दिशांना फिरवून त्याची मोकळीक आणि डगमग मोजावी, उत्पादकाने दिलेल्या मर्यादेशी ताडून पाहावी आणि कडेने ग्रीस बाहेर आले आहे का तेही बघावे. ग्रीस बाहेर दिसले तर मोजमापाचा त्रास न घेता नवे घ्यावे.

त्यावर साक्स परफॉर्मन्सची जास्त दाबाची प्रेशर प्लेट आणि ऑरगॅनिक अस्तराची प्लेट बसवली. वर केलेल्या हिशेबात ६,५०० च्या जागी ८,५०० न्यूटन घातले तर, घर्षणांक तोच ठेवूनही, उत्तर ५१० न्यूटन मीटर येते. माझ्या ४५० वर ही बेगमी साधारण तेरा टक्के आहे. गाडीची ताकद पुढे आणखी वाढवायची असेल तर ती अपुरी ठरेल, पण मला तशी इच्छा नाही आणि ही इच्छा आधी ठरवून टाकणे फार महत्त्वाचे आहे. या प्लेटला मध्ये स्प्रिंगा नाहीत. पहिल्यांदा पाहताना ते खटकते, पण धक्के शोषण्याचे काम फ्लायव्हीलच करत असल्यामुळे प्लेटला त्यांची गरज उरत नाही. हीच प्लेट एकाच वजनाच्या फ्लायव्हीलवर लावली तर मात्र गिअरबॉक्सचे हाल होतील. सुटे भाग वेगवेगळ्या संचांतून निवडणाऱ्यांनी ही जोडी नीट तपासावी.

आता त्रुटी. पेडल जड झाले आहे. ते दाबता येऊ नये इतके नाही, पण तासभराच्या गर्दीत डाव्या पायाला कळते. दाब वाढवला की हे अटळ आहे. डायफ्राम स्प्रिंग दाबायला पायाचे बळ लागणारच. अनेक गाड्यांत मूळची प्रेशर प्लेट स्वतःची झीज स्वतः भरून काढणारी असते, त्यामुळे पेडल आयुष्यभर सारखे राहते. जास्त दाबाच्या प्लेटांमध्ये ही सोय बहुधा नसते, म्हणून अस्तर झिजेल तसे पेडल आणखी थोडे जड होत जाईल. हा जादा भार रिलीज बेअरिंगवर आणि क्रँकच्या थ्रस्ट बेअरिंगवरही पडतो. त्यामुळे सिग्नलला क्लच दाबून बसण्याची माझी जुनी सवय मोडली, न्यूट्रल करून पाय काढतो. मूळचीच स्वयंसमायोजित प्लेट पुन्हा बसवणाऱ्यांनी मिस्त्रीकडे तिचे खास अवजार आहे ना, ते विचारावे. ते न वापरता बोल्ट आवळले तर आतले समायोजनाचे कडे सरकते आणि नवी प्लेट पहिल्या दिवसापासून चुकीची बसते.

बसवण्याच्या कामात पैसे वाचवू नयेत अशा तीन-चार जागा आहेत. गिअरबॉक्सच्या शाफ्टभोवती बसणारा हायड्रॉलिक रिलीज सिलिंडर बऱ्याच गाड्यांत प्लास्टिकचा असतो. जुना चालू असला तरी तो बदलावा, कारण उद्या तो गळला तर सगळी मजुरी पुन्हा. क्रँकच्या मागच्या सीलचेही तेच. फ्लायव्हीलचे बोल्ट ताणून बसणारे असतात, ते नवेच घ्यावेत. माझ्या गाडीला ६० न्यूटन मीटर आणि त्यानंतर ९० अंशांची फिरकी असे माप होते. स्प्लाइनवर, म्हणजे गिअरबॉक्सच्या शाफ्टवरच्या खाचांवर, ग्रीसचा फक्त पुसट हात फिरवावा. पहिल्या वेळी मिस्त्रींच्या मदतनिसाने तिथे मायेने बोटभर ग्रीस लावले होते आणि मी वेळेवर पाहिले म्हणून ते पुसले गेले. तसेच राहिले असते तर ते फिरताना उडून अस्तरावर बसले असते आणि थरथरीचा दोष प्लेटला दिला गेला असता. प्लेटच्या घर्षणपृष्ठाला बोटेसुद्धा लावू नयेत, आणि नव्या फ्लायव्हीलवरचा गंजरोधक तेलाचा थर ब्रेक क्लीनरने पूर्ण काढावा.

यानंतर आठशे किलोमीटर मी गाडी सौम्यपणे, मुद्दाम गर्दीतून चालवली. ऑरगॅनिक अस्तर असे बसल्याशिवाय पूर्ण जोर देत नाही, आणि या काळात एकदाच केलेली जोरदार सुरुवात अस्तराला आरशासारखी चकाकी आणू शकते.

दुसऱ्या संचाइतकाच उपयोग झाला तो ट्यूनमधल्या एका बदलाचा. ड्युअल मास फ्लायव्हील टॉर्कने मरते हे अर्धवट सत्य आहे. कमी आरपीएमवर अचानक आलेला मोठा टॉर्क त्याला जास्त छळतो. सोळाशे आरपीएमला सहाव्या गिअरमध्ये अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबला तर प्रत्येक स्फोटाचा धक्का मोठा असतो, धक्क्यांमधले अंतर जास्त असते आणि वक्र स्प्रिंगा टोकापर्यंत दबून आपटतात. ट्यूनरला सांगून दोन हजारांच्या खाली टॉर्क ३२० न्यूटन मीटरवर बांधून घेतला आणि तिथून पंचवीसशेपर्यंत तो चढता ठेवला. वरची ताकद तशीच राहिली. खरे तर हा बदल मूळ क्लच असतानाच करून घेतला असता तर कदाचित तोही आणखी बरेच दिवस टिकला असता, पण तेव्हा मला खालून मिळणारा तो झटकाच आवडायचा.

पहिला संच वाईट होता असे मी म्हणणार नाही. ज्यांची गाडी महिन्यातून दोनदा ट्रॅकवर जाते, ज्यांना रेव्ह (इंजिनाचे फेरे) जुळवून खालचे गिअर टाकायचे असतात आणि ज्यांना आवाजाची पर्वा नाही, त्यांना हलके फ्लायव्हील खरोखर आनंद देईल. मलाही मोकळ्या रस्त्यावर गिअर बदलताना तो आनंद मिळत होता. त्यांनी पोलादी किंवा लोखंडी घर्षणतबकडी बसवलेले अ‍ॅल्युमिनियमचे, आणि शक्यतो एसएफआय १.१ (शर्यतीच्या भागांचे सुरक्षा-मानक) प्रमाणित असे फ्लायव्हील घ्यावे. मूळचे ओतीव लोखंडी फ्लायव्हील तासून हलके करण्याच्या फंदात कुणीही पडू नये. सात हजार आरपीएमला फुटलेल्या फ्लायव्हीलचे तुकडे बेलहाउसिंग फोडून पायांच्या दिशेने येतात. मधली वाट हवी असेल तर एकाच वजनाचे पण आठ-नऊ किलोंचे फ्लायव्हील आणि त्यासाठी खास बनवलेली, लांब प्रवासाच्या स्प्रिंगांची ऑरगॅनिक प्लेट असे संच मिळतात. आवाज त्यांतही येतो, पण बराच कमी.

केवलार अस्तराचा मी विचार केला होता. ते झिजायला चिवट असते, पण नीट बसायला वेळ घेते आणि एकदा अति तापून चकाकले की पुन्हा पूर्ववत होत नाही. अर्ध्या क्लचवर रांगेत सरकणाऱ्या गाडीला हा धोका नको वाटला.

आज दुसऱ्या संचावर चौदा हजार किलोमीटर झाले आहेत. त्याच चढावर, त्याच चौथ्या गिअरमध्ये, महिन्यातून एकदा मी मुद्दाम तपासणी करतो : बावीसशेला अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबायचा आणि दोन्ही काटे बरोबर चढतात का ते पाहायचे. आतापर्यंत ते बरोबरच चढत आले आहेत. न्यूट्रलमध्ये खिडकी उघडली तर फक्त इंजेक्टरची टिकटिक ऐकू येते. घरातली मंडळी पुन्हा गाडी नेऊ लागली आहेत, आणि त्यांची एकमेव तक्रार पेडलची आहे.